कच्चे मडके

आमच्या धाराशिवहून तेर काही लांब नाही. तिथल्या गोरोबाकाकांची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. संतमंडळी जमली असता काकांनी थापटणे हाती घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारून कोणते मडके पक्के, कोणते कच्चे, याची परीक्षा केली. नामदेव तेवढे रागावले आणि कच्चे ठरले. मला ही गोष्ट आईने सांगितली. आम्ही ख्रिस्ती. रोज संध्याकाळी प्रार्थना आणि झोपताना गोरोबाकाका. यात घरात कुणाला वावगे वाटले नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये आमच्या गावी, तेव्हाच्या उस्मानाबादेत, भरणाऱ्या ९३व्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली. हा मान मिळालेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. आमचा आनंद मात्र फार टिकला नाही. धर्मगुरूला हा मान कशासाठी, असा विरोध सुरू झाला. धमक्याही आल्या. मी घाबरलो, हे कबूल केले पाहिजे. आमची घरे इथे मोजकीच. आई म्हणाली, ‘‘जायचं तर जा बाबा, पण गळ्यातला क्रूस सदऱ्याच्या आत ठेव.’’ मी ठेवला.

१० जानेवारी २०२०. पाठीच्या दुखण्याने बेजार झालेले फादर चाकाच्या खुर्चीवरून आले. मला वाटले होते, आता ते आपल्या धर्माची बाजू मांडतील. पण ते बोलले मराठीविषयी, समाजाविषयी. दिल्लीत विद्यार्थ्यांवर झालेल्या हल्ल्याचा त्यांनी निषेध केला. स्वतःवर झालेल्या टीकेचे उट्टे काढणे राहूनच गेले!

धमक्या त्यांना नव्या नव्हत्या. वसईत ‘हरित वसई’च्या लढ्यात जमीन, पाणी आणि झाडे वाचवताना त्यांनी दहशत जवळून पाहिली होती. तरी ‘सुवार्ता’ मासिक चालले, ‘सुबोध बायबल’ लिहून झाले. दडपण वाढले तसा हा माणूस देवळात कोंडून न घेता शेजाऱ्याच्या विहिरीपर्यंत गेला. संकटात श्रद्धा जपायची म्हणजे दार लावून घ्यायचे, अशी माझी समजूत. ती तिथे, त्या मंडपात मोडली.

रात्री घरी आलो तेव्हा क्रूस सदऱ्यावर होता. आईने पाहिला आणि मुकाट्याने ताट वाढले. त्या रात्रीच्या प्रार्थनेत ज्यांचा राग आला होता, त्यांचेही भले मागितले. येशूचे ते सांगणे मला लहानपणापासून पाठ होते. पण तोंडातून निघायला जड गेले, आणि एकदा निघाल्यावर भीतीही थोडी ओसरली.

२५ जुलै २०२४ रोजी फादर गेले. त्या रात्री आई नातवाला गोरोबाकाकांची गोष्ट सांगत होती. त्याने विचारले, ‘‘आजी, मग कच्चं मडकं फेकून दिलं?’’

‘‘नाही रे राजा,’’ आई म्हणाली, ‘‘ते आव्यात घालायचं असतं.’’