गुडघा वय सांगतो का? बोन एज समजून घेऊया

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचलात तरी चालेल.

सुरुवात घरापासूनच करतो. माझा मावसभाऊ, वय वर्षं तेरा. कबड्डी खेळताना पडला आणि गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं, एसीएल म्हणतात ना, तेच. ऑपरेशन लागणार हे आम्हाला कळलं होतं. पण डॉक्टर म्हणाले, "आधी याच्या हाडांचं वय बघू." मावशी चक्रावली. "अहो, तेराच की! जन्मदाखला आहे ना घरी."

मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस. पण हे काय प्रकरण आहे ते कळेपर्यंत मला काही झोप लागली नाही.

तर बघा, वाढत्या मुलाच्या लांब हाडांच्या टोकाजवळ कूर्चेची एक पातळ पट्टी असते. तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाडाची लांबी वाढते ती तिथेच. कूर्चा एक्स-रेमध्ये दिसत नाही, म्हणून ती जागा काळ्या रेघेसारखी दिसते. वयात येताना हार्मोन्समुळे ही पट्टी हळूहळू हाडाने भरत जाते आणि शेवटी बंद होते. बंद झाली की त्या हाडाची उंची संपली. मुलींमध्ये हे मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी होतं.

ही वाढ कुठल्या टप्प्यावर आलीय, त्याला म्हणतात बोन एज. सहसा डाव्या हाताचा एक्स-रे काढून तो नमुना-चित्रांशी ताडून बघतात. ग्रुलिक आणि पाइल यांचा हाताचा अ‍ॅटलस १९५० साली आला, त्याची दुसरी आवृत्ती १९५९ ची, आणि तो आजही वापरात आहे. पाइल आणि हॉर यांनी १९५५ साली खास गुडघ्याचाही अ‍ॅटलस काढला.

गुडघाच का? एक तर दुखापत गुडघ्याला असेल तर त्याचा फोटो आधीच हातात असतो. दुसरं, पायाची जवळजवळ दोन तृतीयांश वाढ गुडघ्याच्या आसपासच होते. गुडघ्यात वाचण्यासारखंही बरंच असतं. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला हाडाचा ठिपका बहुतेक वेळा जन्मतःच दिसतो. गुडघ्याची वाटी एक्स-रेमध्ये उमटायला लागते साधारण तीन ते सहा वर्षांदरम्यान. मग टोकं रुंद होतात, आकार घेतात, आणि सगळ्यात शेवटी पट्टी बंद होते. एमआरआय केला तर रेडिएशनही नाही आणि कूर्चा थेट दिसते.

आता हिशेब करू. ऑर्थोपेडिकवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे. वाढीच्या शेवटच्या वर्षांत मांडीच्या हाडाचं खालचं टोक वर्षाला साधारण १० मिलिमीटर वाढतं आणि नडगीचं वरचं टोक साधारण ६. मुलांची ही वाढ सोळाच्या आसपास थांबते, मुलींची चौदाच्या. म्हणजे बोन एज १३ असलेल्या मुलाच्या गुडघ्यापाशी अजून तीन वर्षांची, जवळजवळ पावणेपाच सेंटिमीटर वाढ शिल्लक आहे. बोन एज १५ असेल तर दीड सेंटिमीटरच. जन्मदाखला दोघांचा तेराचाच असू शकतो! पण एसीएलच्या ऑपरेशनमध्ये हाडाला भोक पाडतात. ते ग्रोथ प्लेटमधून गेलं आणि पट्टीला इजा झाली, तर पाय आखूड राहू शकतो किंवा वाकडा वाढू शकतो. ज्याची वाढ जास्त शिल्लक, त्याला धोका जास्त. डॉक्टरांना हेच बघायचं होतं.

मग हे काम मशीनला द्यायचं का? २०१७ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने स्पर्धा घेतली. हाताचे बारा हजारांहून जास्त एक्स-रे मॉडेलना शिकायला दिले. जिंकलेल्या मॉडेलची सरासरी चूक होती साधारण सव्वाचार महिने. भारी ना? पण थांबा. चूक मोजली कशाशी ताडून? डॉक्टरांनी ठरवलेल्या बोन एजशी, जन्मतारखेशी नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर लेबलच वेगळं आहे. मॉडेल कितीही अचूक झालं तरी ते तारीख सांगायला शिकलेलंच नाही.

आणि इथेच गोष्ट गंभीर होते. २०१५ मध्ये स्वीडनमध्ये आईबापाविना आलेल्या सुमारे ३५ हजार मुलांनी आश्रय मागितला. त्यातले बरेचसे अफगाणी, आणि अनेकांकडे वयाचा पुरावा नव्हता. २०१७ पासून तिथल्या सरकारी न्यायवैद्यक संस्थेने गुडघ्याचा एमआरआय आणि अक्कलदाढेचा एक्स-रे घेऊन वय अठराच्या वर की खाली, यावर मत द्यायला सुरुवात केली. गुडघ्याची पट्टी बंद, म्हणजे कौल अठराच्या वर. पण काही मुलांची पट्टी अठराच्या आधीच बंद होते, काहींची नंतरही उघडी राहते. मुलींचं तर बंद होणं त्याहून आधी. डॉक्टरांनी आणि संख्याशास्त्रज्ञांनी यावर जोरदार आक्षेप घेतले. कारण थ्रेशोल्ड कुठेही ठेवा, काही निकाल चुकणारच. आणि इथे चुकलेला निकाल म्हणजे सतरा वर्षांचा पोरगा मोठा माणूस ठरणं, त्याचं संरक्षण जाणं.

फोटो तोच, पण प्रश्न बदलला. "अजून किती वाढणार?" याचं उत्तर गुडघ्याकडे बऱ्यापैकी आहे. "कधी जन्मला?" याचं नाही.

तेव्हा तुमच्या धाकट्या भावंडाच्या रिपोर्टवर वय तेरा आणि बोन एज बारा दिसलं, तर घाबरू नका. किशोरवयात वर्षभराचा फरक सर्रास असतो. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: कुठल्या पद्धतीने काढलं, कशासाठी काढलं आणि मागेपुढे किती होऊ शकतं.

आमच्या पोराचं बोन एज निघालं साडेबारा. डॉक्टरांनी ग्रोथ प्लेटला धक्का न लावता ऑपरेशन केलं. आता दर सहा महिन्यांनी दोन्ही पायांची लांबी मोजतात. मावशीने जन्मदाखला मात्र अजून फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवलाय!

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत गुडघे सांभाळा.