पडद्यांची कारागिरी आणि ज्ञानाची देवाणघेवाण : गिटार व मिरजेची सतार यांच्या संदर्भात

प्रस्तावना

तंतुवाद्याचा विचार करताना सामान्यतः वादकाची प्रतिभा, घराणे आणि रागसंगीत यांची चर्चा होते. वाद्य घडविणाऱ्या हाताची चर्चा क्वचितच होते. वास्तविक, वादकाच्या बोटाला जो स्वर सापडतो तो कारागिराने त्या ठिकाणी आधी सापडवून ठेवलेला असतो. गिटार, सतार, वीणा यांसारख्या वाद्यांत हे काम दांडीवरील आडव्या पट्ट्यांकडे म्हणजेच पडद्यांकडे असते. सतारीच्या पडद्यांना मराठीत सुंदरी असाही शब्द आहे. पडदा चुकीच्या जागी असेल तर स्वर बेसूर होतो. तो उंच असेल तर तार त्यावर खरखरते आणि झिजला असेल तर नाद बोथट होतो.

हे ज्ञान कारागीर एकमेकांना कसे देतात, आणि ते देण्याची पद्धत बदलली नाही तर काय गमावण्याचा संभव आहे, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी पाश्चात्त्य गिटार आणि महाराष्ट्रातील मिरजेची सतार ही दोन उदाहरणे घेतली आहेत.

गिटारचे पडदे : मापात बसणारे ज्ञान

गिटारचे पडदे स्थिर असतात. दांडीवरील फळीत करवतीने सुमारे ०.६ मिलिमीटर रुंदीच्या खाचा पाडतात व त्यांत धातूच्या पट्ट्या ठोकून किंवा दाबून बसवतात. या पट्ट्या बहुधा जर्मन सिल्व्हरच्या असतात. नावात चांदी असली तरी हा धातू तांबे, निकेल व जस्त यांचे मिश्रण असून त्यात चांदी मुळीच नसते.

या पडद्यांच्या जागा गणिताने ठरतात. एका सप्तकाचे बारा समान भाग केले असता लगतच्या दोन स्वरांतील कंपनसंख्येचे गुणोत्तर सुमारे १.०५९४६ येते. त्यामुळे उरलेल्या तारेच्या लांबीला प्रत्येक वेळी १७.८१७ ने भागले की पुढच्या पडद्याचे अंतर मिळते. तारेची लांबी ६५० मिलिमीटर असेल, तर पहिला पडदा सुमारे ३६.५ मिलिमीटरवर आणि बारावा बरोबर मध्यावर, म्हणजे ३२५ मिलिमीटरवर येतो. जुने कारागीर यासाठी १८ या सोप्या भाजकाचा उपयोग करीत. इटालियन संगीतज्ञ विन्चेंझो गॅलिली यांनी १५८१ मधील आपल्या ग्रंथात १८:१७ या गुणोत्तराचा पुरस्कार केला होता. मात्र या रीतीने बारावा पडदा ३२२.६ मिलिमीटरवर येतो. मध्यापासून सुमारे अडीच मिलिमीटरचा हा फरक प्रत्यक्षात काहीसा उपकारकच ठरे, कारण तार दाबली की ती ताणली जाऊन स्वर थोडा चढतो व या पद्धतीत पडदे मुळातच किंचित अलीकडे येतात.

पडदे बसविल्यानंतरचे कामही नियमबद्ध आहे. पडद्यांच्या माथ्यांवर शाई लावून त्यांवरून सरळ, सपाट कानस फिरवली जाते. उंच पडद्यावरील शाई आधी निघते, खोलगट पडद्यावरील तशीच राहते. सर्व माथ्यांवरची शाई निघाली म्हणजे पडदे एका पातळीत आले असे समजतात. एखाद्या पडद्याविषयी शंका असल्यास तीन पडद्यांवर बसेल एवढी आखूड सरळ पट्टी ठेवून पाहतात. पट्टी डुलली तर मधला पडदा उंच आहे हे कळते. शेवटी अंतर्वक्र कानशीने माथ्यांना पुन्हा गोलाई देऊन त्यांना चकाकी आणली जाते.

यातील प्रत्येक पायरी आकड्यात, आकृतीत किंवा साध्या वाक्यात मांडता येते. म्हणूनच ती मुद्रित स्वरूपात दूरवर पोहोचू शकली. १९७२ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘गिल्ड ऑफ अमेरिकन लूथियर्स’ या संघटनेने आराखडे, हत्यारे आणि कृती यांची खुली देवाणघेवाण हेच आपले कार्य मानले व १९८५ पासून ‘अमेरिकन लूथरी’ हे नियतकालिक चालविले. ज्या व्यवसायात एके काळी कृती मुलाला किंवा शागिर्दालाच सांगितली जाई, त्यात एका कारागिराने केलेले हत्यार दुसऱ्याने सुधारावे आणि तिसऱ्याने त्याचे वर्णन छापावे, अशी रीत रूढ झाली.

सतारीचे पडदे : कानात बसणारे ज्ञान

सतारीची रचना मुळातच निराळी आहे. तिचे पडदे साधारणतः १९ ते २० असून ते दांडीवर दोऱ्याने बांधलेले असतात. पितळ किंवा जर्मन सिल्व्हरच्या सळईला कमानीसारखा बाक देऊन दोन्ही टोकांशी खाचा करतात व दोरा त्या खाचांतून दांडीभोवती गुंडाळून गाठ मारतात. पडद्यांच्या कमानीखालून तरफेच्या तारा जातात. गाठ पुरेशी घट्ट असावी लागते, कारण वादनात पडदा सरकता कामा नये. तरीही वादकाला रागानुसार तो हाताने सरकवता आला पाहिजे. या दोन परस्परविरोधी अपेक्षांचा मेळ एका गाठीत घालावा लागतो.

सतारीत पडद्याची जागाही केवळ भागाकाराने ठरत नाही. तारेची लांबी ८८ सेंटिमीटर धरून मोकळ्या तारेच्या स्वराला षड्ज मानल्यास, ५:४ या गुणोत्तराचा शुद्ध गांधार मेरूपासून १७.६ सेंटिमीटरवर येतो. समान भागांच्या पद्धतीने तोच गांधार सुमारे १८.१५ सेंटिमीटरवर येईल. हा जवळजवळ अर्ध्या सेंटिमीटरचा फरक शिकलेल्या कानाला स्पष्ट जाणवतो. त्यात तार दाबल्याने चढणारा स्वर, रागातील स्वराचे स्थान आणि वादकाची पसंती यांची भर पडते. त्यामुळे अंतिम निर्णय मोजपट्टीपेक्षा तंबोऱ्याच्या नादाशी ताडून घ्यावा लागतो.

दुसरी अडचण मिंडेची आहे. सतारवादक एकाच पडद्यावर तार आडवी खेचून अनेक स्वरांपर्यंत नेतो. म्हणून पडद्याचा माथा पूर्ण रुंदीभर गुळगुळीत व एकसारख्या बाकाचा असावा लागतो. बाकात कोठे खळगा राहिल्यास तार तेथे अडखळते आणि मिंड तुटते. शिवाय ओढलेली तार पुढील पडद्याला लागता कामा नये, यासाठी पडद्यांची उंची क्रमाक्रमाने साधावी लागते. गिटारचे पडदे जागेवरच एकत्रित घासता येतात. सतारीचा झिजलेला पडदा मात्र सोडून, स्वतंत्रपणे घासून पुन्हा बांधावा लागतो व मग त्याचे शेजाऱ्यांशी असलेले नाते नव्याने तपासावे लागते. घोडीच्या पृष्ठभागाला सूक्ष्म उतार देऊन ‘जवारी’ काढण्याचे काम याहूनही नाजूक आहे. कानशीचा एक फटका अधिक पडला तरी नाद बदलतो.

मिरजेची परंपरा

सांगली जिल्ह्यातील मिरज येथे हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुजला. फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन या शिकलगार बंधूंकडे या परंपरेचा आरंभ दिला जातो. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार व झिलई देणारा कारागीर. संस्थानी राजवटीतील शस्त्रांची मागणी ओसरल्यावर हे हात वाद्यदुरुस्तीकडे व पुढे वाद्यनिर्मितीकडे वळले. धातू घासणे, त्याला बाक देणे, कानस हलक्या हाताने चालविणे हे कौशल्य त्यांच्याकडे आधीपासूनच होते, ही बाब पडद्यांच्या संदर्भात विशेष लक्षणीय वाटते. पुढे या कुटुंबांना ‘सतारमेकर’ हेच आडनाव प्राप्त झाले. मिरजेस पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता आणि किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) यांचे तेथे वास्तव्य होते. जाणकार गायक-वादक आणि कारागीर एकाच गावात असल्यामुळे वाद्याचा दोष तत्काळ कळे व तो सुधारताही येई.

मिरजेतील काम अनेक हातांत विभागलेले आहे. पंढरपूर-मंगळवेढा भागातून येणारा भोपळा निवडणे, दांडी घडविणे, नक्षी, रंगकाम, खुंट्या, पडदे आणि जवारी या टप्प्यांवर वेगवेगळ्या कारागिरांचा हात फिरतो. त्यामुळे येथे देवाणघेवाण नाही असे म्हणता येत नाही. ती आहे, परंतु ती गल्लीपुरती, नात्यापुरती आणि शेजारी बसून पाहण्यापुरती आहे. कानस किती दाबावी हे शिकणाऱ्याला सांगितले जात नाही, तर त्याच्या हातावर हात ठेवून दाखविले जाते. अशा ज्ञानाला गुपित म्हणण्यापेक्षा अनुच्चारित ज्ञान म्हणणे अधिक योग्य होईल.

नावाचे संरक्षण आणि कौशल्याचे संरक्षण

मार्च २०२४ मध्ये मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना भौगोलिक निर्देशन प्राप्त झाले. सतारीसाठी ‘मिरज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स क्लस्टर’ आणि तंबोऱ्यासाठी ‘सोलट्यून म्युझिकल इन्स्ट्रुमेंट प्रोड्युसर फर्म’ या संस्थांच्या नावे ही नोंदणी झाली. या विषयीचा कायदा १९९९ चा असून तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. नोंदणी दहा वर्षांची असते व तिचे नूतनीकरण करता येते. इतरत्र तयार झालेले वाद्य मिरजेच्या नावाने विकण्यास यामुळे कायदेशीर प्रतिबंध होतो, हा लाभ मोठा आहे.

तथापि या संरक्षणाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. कायदा नावाचे रक्षण करतो. पडदा बांधणाऱ्या बोटांचे रक्षण तो करू शकत नाही. इलेक्ट्रॉनिक तंबोरा व मोबाइलवरील ॲप यांनी तंबोऱ्याची मागणी घटविली आहे. दीर्घ उमेदवारी आणि अनिश्चित उत्पन्न यांमुळे नव्या पिढीने अन्य व्यवसायांकडे वळणे स्वाभाविक आहे. जे ज्ञान केवळ हातातून हातात जाते, त्याची साखळी एका पिढीच्या खंडानेही तुटू शकते. नाव नोंदवहीत राहील आणि त्या नावास पात्र वाद्य घडविणारा मात्र उरणार नाही, हा धोका काल्पनिक नाही.

गिटारकारागिरांचा अनुभव येथे अंशतः उपयोगी पडतो. सतारीचे सर्व ज्ञान लिहिता येणार नाही. परंतु सळईची जाडी, बाकाची त्रिज्या, पडद्यांची उतरती उंची, दोऱ्याचा प्रकार व वेढे, झिजलेला पडदा ओळखण्याच्या खुणा यांची नोंद निश्चितच करता येईल. जे शब्दांत येत नाही, ते चित्रीकरणात व ध्वनिमुद्रणात, विशेषतः पडदा घासण्यापूर्वीचा व नंतरचा नाद शेजारी ठेवून, बऱ्याच अंशी जतन करता येईल. अशा नोंदीतून प्रतिस्पर्ध्याला फायदा होईल, ही कारागिराची शंका मात्र दुर्लक्षिण्याजोगी नाही. ज्याचे पोट कौशल्यावर आहे त्याच्याकडून मोफत ज्ञानदानाची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. म्हणून नोंदीवर कारागिराचे नाव, त्याची संमती आणि त्याच्या वेळेचे मानधन या तीन गोष्टी प्रथम निश्चित व्हाव्यात.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, पडद्यांच्या कारागिरीचे दोन भाग पडतात : एक मोजता येणारा व दुसरा ऐकून-पाहूनच येणारा. पहिला भाग लेखनाने व सामायिक हत्यारांनी पसरतो, तर दुसऱ्यास गुरू-शिष्यांचे सान्निध्यच लागते. लेखन सान्निध्याची जागा घेत नाही, परंतु शिष्याचा प्रारंभीचा काळ कमी करते आणि गुरूला आपला वेळ जवारीसारख्या अवघड भागासाठी राखता येतो.

महाविद्यालयांना या कामी निश्चित स्थान आहे. भौतिकशास्त्र विभागाला नादाचे विश्लेषण, वाणिज्य विभागाला कारागिरांच्या अर्थव्यवहाराचा अभ्यास व मराठी विभागाला व्यवसायातील शब्दांचे संकलन करता येईल. हे काम मिरजेपुरते मर्यादित नाही. ठाणे-पालघर पट्ट्यातील वारली समाजाच्या तारप्यातही वाळलेला भोपळा, बांबू व मेण यांचे असेच नाजूक गणित असते आणि तेही बहुतांशी घडविणाऱ्याच्या हातातच आहे. शहापूर-मुरबाडसारख्या ग्रामीण भागातील महाविद्यालयांना हा अभ्यासविषय शोधण्यासाठी दूर जावे लागणार नाही. जाणते कारागीर हयात आहेत तोवरच तो हाती घेण्यात अर्थ आहे.