दिव्याचं बटण उशाशी : रिमोटचा बल्ब बसवण्याआधी

आज बोलायचं आहे ते रिमोटच्या बल्बबद्दल. टीव्हीचा रिमोट आपल्या घरी जुना झाला, पंख्याचाही आला. आता पुण्या-मुंबईला नोकरीला असलेला लेक दिवाळीला येताना रिमोटवर चालणारा बल्ब घेऊन येतो, होल्डरमध्ये लावतो, दोन दिवस रंग बदलून दाखवतो आणि परत जातो. तो गेल्यावर मग घरात प्रश्न सुरू होतात. रिमोट दाबला तरी दिवा लागत नाही, मध्यरात्री आपोआप लागतो, मोबाईलवर कसलीतरी विचारणा येते. गटाच्या बैठकीतही आता हे विषय निघतात.

पहिला प्रश्न असतो, की ही चैन हवीच कशाला? उठून बटण दाबायला काय होतं? धडधाकट बाईला काही होत नाही. पण ज्यांचे गुडघे गेले आहेत, जी बाळंतीण आहे, जो माणूस पडून आहे, त्यांच्यासाठी बाज ते बोर्ड हे अंतर अंधारात फार मोठं असतं. आपल्याकडे बोर्ड बहुतेक दारापाशी, आणि अंथरूण दुसऱ्या टोकाला. त्यातून मण्यारीसारखा साप रात्रीच हिंडतो, घरात शिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणापर्यंत येतो. तिचा दंश इतका बारीक असतो की पुष्कळदा कळतही नाही. पाय खाली टाकण्याआधी खोलीत उजेड व्हावा, एवढ्यासाठी जरी रिमोट घेतला तरी तो पैसा वाया गेला असं मी म्हणणार नाही. रंगीबेरंगी उजेडासाठी मात्र घेऊ नका, त्याचं कौतुक आठ दिवसांत संपतं.

आता रिमोट सगळे सारखे नसतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

सगळ्यात स्वस्त असतो तो टीव्हीसारखा. त्याच्या तोंडाशी एक बारीक दिवा असतो, तो आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाने लुकलुकतो. म्हणजे हा उजेडाचाच खेळ, म्हणून मध्ये भिंत, पडदा, मच्छरदाणीवर टाकलेली चादर आली की काम थांबतं. रिमोटचं तोंड बल्बाकडे करावं लागतं. याला जोडणी अशी काही लागत नाही, सेल घातले की चालू. गंमत म्हणजे उजेडावर चालणारा टीव्हीचा रिमोट अमेरिकेत १९५५ मध्ये निघाला तेव्हा तो चक्क टॉर्चसारखा होता, आणि खिडकीतून ऊन पडलं तरी चॅनेल बदलायचं! आताचे रिमोट एवढे भोळे नाहीत. एक तोटा मात्र आहे : एकाच खोलीत एकाच जातीचे दोन बल्ब लावले तर एका रिमोटने दोन्ही लागतात आणि दोन्ही विझतात.

हा रिमोट चालतो की नाही हे घरीच पाहता येतं. मोबाईलचा कॅमेरा उघडा, रिमोटचं तोंड कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्यांना काही दिसणार नाही, पण मोबाईलच्या पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्या कॅमेऱ्यात पाहा. ठिपका दिसला तर रिमोट ठीक, दोष बल्बात. नाही दिसला तर आधी सेल बदला, मगच दुकानात जा.

दुसरा प्रकार रेडिओच्या लहरींवर चालतो. या लहरी भिंतीतून जातात. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात अशाच लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली होती, तेच तत्त्व. या प्रकारात बहुधा बल्ब साधाच असतो. रिमोटवाला होल्डर किंवा बोर्डात बसवायचा छोटा डबा मिळतो. ओसरीवरून न्हाणीतला दिवा लावायचा असेल, संडास अंगणापलीकडे असेल, तर हाच बरा. याची जोडणी मात्र करावी लागते. डब्यावर किंवा होल्डरवर एक बारीक बटण असतं. ते दाबलं की छोटा दिवा लुकलुकू लागतो. तो लुकलुकत असतानाच रिमोटचं जे बटण त्या दिव्याला द्यायचं असेल ते दाबायचं. लुकलुकणं थांबलं की दोघांची ओळख पटली. बऱ्याच डब्यांत तेच बटण जास्त वेळ दाबून धरलं तर जुन्या ओळखी पुसल्या जातात, म्हणून लहान पोरांच्या हाती देऊ नका आणि सोबतचा कागद फेकू नका.

तिसरा प्रकार म्हणजे स्मार्ट बल्ब. हा घरातल्या वाय-फायवर चालतो, मोबाईलवरून लागतो, आणि काही कंपन्या त्याला वेगळा रिमोटही देतात. जोडताना बल्ब होल्डरमध्ये लावून बोर्डाचं बटण ठरावीक वेळा चालू-बंद करायचं, बहुधा तीनदा, मग बल्ब लुकलुकतो. त्यानंतर कंपनीचं ॲप उघडून वाय-फायचा पासवर्ड टाकायचा. इथे पुष्कळदा अडतं ते एका गोष्टीवर : हे बल्ब बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच चालतात, आणि मोबाईल किंवा राऊटर ५ वर असतो. सेटिंगमध्ये २.४ निवडलं की बल्ब जोडला जातो. रिमोट असेल तर तो बल्बाच्या जवळ नेऊन, कागदावर सांगितलेलं बटण काही सेकंद दाबून धरायचं. एका कंपनीचा रिमोट दुसऱ्या कंपनीच्या बल्बाला चालेलच असं नाही. हे भांडण मिटावं म्हणून २०२२ मध्ये ‘मॅटर’ नावाची एक समान पद्धत जगभरच्या कंपन्यांनी मिळून काढली, पण दुकानात विचारून, खोक्यावर पाहूनच घ्या.

आता माझं स्पष्ट मत सांगते. ज्या घरात पक्कं ब्रॉडबँड नाही, तिथे वाय-फायचा बल्ब घेऊ नये. कारण मग बल्ब जोडला जातो तो कोणाच्यातरी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. तो मोबाईल धन्याचा किंवा पोराचा. तो सकाळी शेतात गेला, मालेगावला गेला, की बल्बाचा धनीही गेला. ॲपचं खातं पोराच्या नावाचं, पासवर्ड त्याच्या डोक्यात. घरातली बाई दिवसभर त्याच घरात, पण दिव्याचं सेटिंग बदलायला तिने पोराला फोन करायचा. शेतातल्या मोटरीच्या मोबाईल स्टार्टरचं आपण पाहतोच. मोटर कोणाच्या फोनवर चालू होते? ज्याचा नंबर स्टार्टरमध्ये भरलेला आहे त्याच्या. तुमचा नंबर त्यात आहे का, हे आज घरी विचारून पाहा. दिव्याचंही तसंच. उशाशी ठेवायचा साधा, हातात मावणारा रिमोट कोणाच्या नावावर नसतो, तो ज्याच्या हाती त्याचा. ब्रॉडबँड असेल आणि स्मार्ट बल्ब घ्यायचाच असेल, तर ॲप तुमच्याही मोबाईलवर घालून घ्या आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा.

कोणताही प्रकार घ्या, एक नियम सगळ्यांना लागू. बोर्डावरचं बटण चालूच राहिलं पाहिजे. बल्बातला किंवा डब्यातला तो छोटा कान रिमोटची हाक ऐकायला वीज खातो. बोर्डाचं बटण बंद केलं की कान बंद, मग रिमोट कितीही दाबा. मामंजी झोपण्याआधी सवयीने सगळी बटणं पाडतात आणि रात्री सासूबाई रिमोट दाबत बसतात, असं बहुतेक घरी होणार. त्या बटणावर चिकटपट्टी लावून टाका.

हा कान बसल्या बसल्या वीज खातो हेही खरं. अर्धा वॉट धरला तर वर्षाला साधारण साडेचार युनिट. म्हणजे ९ वॉटचा एलईडी बल्ब रोज एक तास वीस मिनिटं जळावा एवढं. एका दिव्याला हे फार नाही. पण घरभर आठ-दहा असे दिवे लावले तर न वापरता पस्तीस ते पंचेचाळीस युनिट गेले. म्हणून एक उशाजवळचा, फार तर एक संडासाच्या वाटेवरचा, एवढेच रिमोटवर घ्या.

आता लाईन जाण्या-येण्याचं. आपल्याकडे लाईन जाते हे बल्ब बनवणाऱ्याला ठाऊक असेलच असं नाही. रिमोटने दिवा विझवून तुम्ही झोपलात, रात्री दोनला लाईन गेली, अडीचला आली, आणि दिवा भक्कन लागला. बाळ उठलं, घर उठलं. काही बल्ब आधीची स्थिती लक्षात ठेवतात, काही ठेवत नाहीत. स्मार्ट बल्बाच्या ॲपमध्ये लाईन आल्यावर काय करायचं याची सेटिंग बहुधा असते. साध्या बल्बाची परीक्षा दुकानातच घ्या : बल्ब लावायला सांगा, रिमोटने विझवा, मग बोर्डाचं बटण बंद करून पुन्हा चालू करा. बल्ब विझलेलाच राहिला तर तो आपल्या कामाचा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या. हीच गोष्ट शेतात मोठ्या प्रमाणावर होते. लाईन आली की ऑटो स्विच लावलेल्या सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि डीपीवर भार येतो, म्हणून महावितरण ऑटो स्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा असं सांगत असतं.

आणि लाईनच नसेल तर रिमोट काय करणार? उशाशी टॉर्च हवीच. चार्जिंगचा इमर्जन्सी बल्ब मिळतो, लाईन गेल्यावर तो आपोआप जळत राहतो. साप-विंचवाच्या भीतीपोटी घेत असाल तर आधी तो घ्या, रिमोट नंतर.

यापुढचं जरा लक्ष देऊन ऐका. रिमोटने दिवा विझवला म्हणजे वीज बंद झाली असं नाही. होल्डरपर्यंत वीज आलेलीच असते, फक्त दिवा गप्प असतो. बल्ब काढायचा, पुसायचा, होल्डरला हात लावायचा तर आधी बोर्डाचं बटण पाडा, आणि जुन्या घरात मेन स्विच पाडा. मेन अशासाठी, की गावाकडच्या पुष्कळ घरांत बटण फेजच्या तारेवर न बसवता चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असतं. मग बटण पाडलं तरी होल्डरमध्ये फेज जिवंत. बटण बंद केल्यावरही एलईडी मंद काजव्यासारखा जळत असेल तर त्याचं एक कारण हेही असतं. वायरमनला टेस्टर लावून पाहायला सांगा. मोटरीलाही हाच धोका. एकजण विहिरीवर मोटर उघडून बसलेला आणि घरून दुसऱ्याने फोन लावून ती चालू केली, तर काय होईल ते सांगायला नको. मोटरीला हात लावण्याआधी तिथला मेन पाडायचाच.

बोर्डात बसवायचा रिमोटचा डबा वायरमनकडूनच बसवून घ्या. त्याला बहुधा न्यूट्रलची तार लागते, आणि जुन्या बोर्डात ती आलेली नसते. ती ओढून आणायची म्हणजे पट्टी किंवा भिंत खोलण्याचं काम, त्याची मजुरी आधी विचारा. शिवाय वायरमन घरात आलाच आहे तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आपल्या घरात आहे का, हेही विचारून घ्या. तार ओल्या भिंतीला किंवा माणसाच्या अंगाला लागून वीज जमिनीत जाऊ लागली की तो क्षणात लाईन तोडतो. माझ्या मते रिमोटच्या आधी पैसे यावर घालावेत. सोलरच्या १२ व्होल्टच्या लाईनवर घरातला २३० व्होल्टचा रिमोटचा बल्ब चालत नाही, हेही सांगून ठेवते.

शेवटची गोष्ट छोटी दिसते, पण जिवाची आहे. या लहान रिमोटमध्ये पुष्कळदा रुपयाच्या नाण्यासारखा चपटा, चकचकीत सेल असतो. रांगणारं पोर तो तोंडात घालतं. गिळून अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच आतून भाजायला लागतं, अन्ननलिकेला भोकही पडू शकतं. वरून काही दिसत नाही. लाळ गळते, पोर खात नाही, खोकतं, आणि आपल्याला वाटतं सर्दी झाली. म्हणून रिमोट असा घ्या की ज्याचं सेलचं झाकण स्क्रूने बंद होतं, किंवा ज्यात टीव्हीच्या रिमोटसारखे पेन्सिल सेल बसतात. झाकण ढिलं असेल तर चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. जुना सेल उंबऱ्यावर, खिडकीत ठेवू नका, त्यात उरलेली शक्तीही इजा करायला पुरते. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, शौचावाटे पडेल म्हणून थांबू नका. १०८ ला फोन करा, जिथे एक्स-रे निघतो अशा दवाखान्यात लगेच न्या, आणि पोहोचताच ‘रिमोटचा सेल गिळलाय’ हेच पहिलं वाक्य सांगा. रिमोट किंवा तसाच दुसरा सेल सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना आकार कळतो.