पुरलेला पेपर, वाचता येणारा

कचरा पुरला की त्याची माती होते, ही आपली समजूत. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ विल्यम रॅथजी यांनी ती खणूनच तपासली. १९७३ पासून ते टूसॉनमधल्या घरांचा ताजा कचरा निवडत होते. १९८७ पासून त्यांच्या चमूने थेट कचराभूमीत बोअर मारून खोलवरचा माल वर काढायला सुरुवात केली.

वर आली कित्येक दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं, मथळे सहज वाचता येतील अशी! सोबत ओळखू येणारे हॉट डॉग. थराचं वय काढायला वेगळी खटपट नको, पेपरावरची तारीख बघायची. आणि ज्यांच्या नावाने सगळे बोटं मोडत होते ते डायपर? आकारमानाने जेमतेम एक टक्का. कागद चाळीस टक्क्यांच्या वर.

दाबून, मातीने झाकलेल्या ढिगात हवा नसते. तिथले जिवाणू ऑक्सिजनशिवाय जगतात, पण ओल नसेल तर तेही सुस्तावतात. त्यांचं काम जोरात चालू असेल तर निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. म्हणूनच आत किती कुजतंय हे कळायला कचराभूमीवर देखरेख करणारे वायूविहिरींत नळी सोडतात, तापमान घेतात, तळाशी झिरपणारं काळं पाणी तपासतात, ढिगाचा माथा किती खचला ते मोजतात.

भाजीची देठं, शिळा भात असा ओला माल जास्त असलेला आपल्याकडचा कचरा मात्र फार लवकर वायू सोडू लागतो.