औषधाच्या जोडीला

न्हाणीघरात पाय घसरल्याचे निमित्त झाले आणि आईच्या खुब्याचे हाड मोडले. वय शहात्तर. शस्त्रक्रिया नीट पार पडली, डॉक्टरांनी "आता काळजी नको" म्हणून सांगितले आणि आम्ही सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण खरी परीक्षा त्याच रात्री सुरू झाली. दिवसा चांगले ओळखून बोलणारी आई दिवेलागणीनंतर जणू दुसरीच कुणी होऊन जाई. मला ती 'अक्का' म्हणून हाक मारी. अक्का म्हणजे तिची चाळीस वर्षांपूर्वी वारलेली थोरली बहीण. "अक्का, घरी चल, तुळशीपुढं दिवा लागला नाही," असे म्हणत ती हाताची सलाइनची सुई उपसायला बघे. दुसऱ्या रात्री तर तिचे दोन्ही हात घट्ट धरून बसण्याची पाळी माझ्यावर आली. ज्या हातांनी मला न्हाऊमाखू घातले, ते हात दाबून धरताना काय वाटले ते सांगून उपयोग नाही. ज्यांच्यावर ती वेळ आली आहे त्यांना सांगावे लागणार नाही.

तिसऱ्या रात्री ड्यूटीवर नवी सिस्टर आली. केरळची, मराठी मोडकेतोडके. तिने केसपेपर वाचला, आईकडे नीट निरखून पाहिले आणि आजवर कुणीच न विचारलेला प्रश्न मला विचारला: "आई घरी संध्याकाळी काय करते?"

"हरिपाठ म्हणते. पन्नास वर्षांत चुकलेला नाही."

"इथे केला?"

मी गप्प. तिने कपाट उघडले. शस्त्रक्रियेच्या आधी उतरवून ठेवलेला आईचा चष्मा, ऐकण्याचे यंत्र आणि तुळशीची माळ एका पिशवीत तशीच बांधून पडली होती. आमच्यापैकी कुणालाही तिची आठवण राहिली नव्हती! सिस्टरने एकेक वस्तू आईला चढवली, खाट खिडकीकडे वळवली, डोक्यावरची झगझगीत नळी मालवून कोपऱ्यातला लहान दिवा तेवढा ठेवला आणि मला म्हणाली, "आता तुम्ही म्हणा."

वाचकहो, मी कॉलेजात मराठी शिकवते. संतवाङ्मय हा माझा विषय. हरिपाठावर दोन तास सहज बोलेन. पण त्या खाटेशी उभी राहिले आणि पहिला अभंग कसाबसा संपवून दुसऱ्यात अडखळले. पाठ कुठे होता? तेवढ्यात फरशी पुसणाऱ्या मावशी हातातले पोतेरे तसेच धरून उभ्या राहिल्या आणि मी सोडले तिथून त्यांनी उचलले. दरवर्षी आषाढीला पायी जाणाऱ्या त्या; त्यांना पुस्तकाची गरज नव्हती. आईचे ओठ हलू लागले. चौथ्या-पाचव्या अभंगाला तिचा आवाज आम्हा दोघींहून स्वच्छ लागला होता. त्या रात्री आई सलग चार तास झोपली.

"सिस्टर, चमत्कारच झाला!" मी म्हणाले.

तक्त्यावर नोंद करता करता ती म्हणाली, "चमत्कार नाही. आठ वाजता दुखण्याचं इंजेक्शन दिलं आहे. ते पण मोजा."

त्या एका वाक्याने मला पुढे पुष्कळ वाचायला लावले. औषधाच्या जोडीला परिचारिका आणि घरची माणसे आणखी जे जे करतात, ते गाणे, चोळणे, प्रार्थना, नुसते हात धरून बसणे, त्यांतले खरे किती आणि मनाचे समाधान किती? आणि मनाचे समाधान म्हणजे खोटेच का?

आपल्याकडे हा विचार नवा नाही. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाला एक अख्खा पाय दिलेला आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याच्या अंगी चार गुण हवेत: उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी जिव्हाळा आणि स्वच्छता. एवढ्यावरच चरक थांबत नाही. आतुरालय कसे सजवावे हे सांगताना गाणारे, वाद्ये वाजवणारे, कथा आणि पुराणे सांगण्यात कुशल असे लोकही तिथे असावेत, असे तो सांगतो. औषधांची यादी आणि गाणाऱ्यांची यादी त्याने एकाच अध्यायात दिली आहे. पण म्हणून गाणाऱ्याला त्याने वैद्याच्या जागी बसवलेले नाही, हेही तितकेच खरे.

आधुनिक परिचर्येची जननी फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिचे शुश्रूषेवरील छोटेखानी पुस्तक १८५९ मध्ये निघाले. स्वच्छ हवा, उजेड आणि निर्मळपणा यांवर तिचा सारा भर. पण त्याच पुस्तकात ती रोग्याला दिसणाऱ्या फुलांच्या रंगांविषयी लिहिते, खिडकीबाहेरच्या दृश्याविषयी लिहिते, सलग सूर धरणारी वाद्ये आजाऱ्याला बरी वाटतात आणि पियानो मात्र त्रास देतो असेही सांगते. रोग्याच्या दाराबाहेर चाललेली कुजबूज आणि भेटायला येणाऱ्यांचे पोकळ धीर, या दोहोंवर ती चांगलीच तुटून पडते. आपल्या समाचाराला येणाऱ्या मंडळींनी ते पान अवश्य वाचावे! आपल्याकडे रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन सुरू झाले आणि घरंदाज बायकांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट मिळाली. ज्या काळी हे काम हलके समजत, त्या काळची ही गोष्ट.

नाइटिंगेलबाईंनी डोळ्यांनी पाहून लिहिले. पुढच्यांनी मोजून पाहिले. रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४ मध्ये अमेरिकेतील एका इस्पितळाच्या जुन्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रोगी. त्यांतल्या २३ जणांच्या खिडकीतून झाडे दिसत, बाकीच्या २३ जणांना विटांची भिंत. झाडे दिसणारे रोगी थोडे आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. शॅरन इनुये या डॉक्टरबाईंनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तर थेट माझ्या आईचाच. म्हातारपणी इस्पितळात असा भ्रम होणे ही सर्रास आढळणारी गोष्ट. डॉक्टर तिला डिलिरियम म्हणतात. सत्तरी गाठलेल्या ८५२ रोग्यांपैकी निम्म्यांना नेहमीची शुश्रूषा दिली. उरलेल्यांना चष्मा आणि कानाचे यंत्र आठवणीने लावले, वार आणि जागा पुन्हा पुन्हा सांगितली, लवकर हिंडते-फिरते केले. रात्री झोपेसाठी गोळीऐवजी गरम दूध, मंद संगीत आणि पाठ चोळणे. पहिल्या गटात शेकडा १५ जणांना भ्रम झाला, दुसऱ्यात सुमारे १० जणांना.

मात्र त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली: एकदा भ्रम झाल्यावर त्याची तीव्रता या उपायांनी फारशी कमी झाली नाही. हे वाचले आणि माझे डोळे उघडले. म्हणजे आईला त्या रात्री हरिपाठाने झोप लागली, इंजेक्शनाने लागली, की भ्रम आपोआपच ओसरत होता, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण ती पिशवी पहिल्याच दिवशी उघडायला हवी होती, एवढे नक्की सांगता येईल.

मनगटाच्या घडीपासून तीन बोटे वर, आतल्या बाजूस एक जागा आहे. ती दाबली असता शस्त्रक्रियेनंतरची मळमळ कमी होते, असे अनेक प्रयोगांच्या एकत्रित आढाव्यात दिसून आले आहे. चिनी वैद्यकातली ही युक्ती कसोटीला उतरली. सगळ्याच उतरत नाहीत. न्यू यॉर्कला परिचर्याशास्त्र शिकवणाऱ्या डोलोरेस क्रीगर आणि त्यांच्या सहकारी डोरा कुन्झ यांनी १९७० नंतरच्या काळात एक हस्तोपचार काढला. रोग्याच्या अंगापासून काही इंच वर हात फिरवून त्याच्या भोवतीची शक्ती सुरळीत करायची, अशी ती कल्पना. क्रीगरबाईंनी त्यासाठी आपल्या 'प्राण' या शब्दाचा आधार घेतला, आणि हजारो परिचारिका तो उपचार शिकल्या. एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने त्याची साधी परीक्षा घेतली. उपचारकाने पडद्याच्या भोकांतून दोन्ही हात पुढे करायचे आणि मुलीचा हात आपल्या कोणत्या हातावर आहे ते ओळखायचे. २१ उपचारकांनी २८० वेळा सांगितले. बरोबर आले १२३. नाणे उडवले असते तरी याहून कमी आले नसते! अमेरिकन वैद्यकसंघाच्या नियतकालिकाने १९९८ मध्ये हा प्रयोग छापला, तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

आणि प्रार्थना? हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १८०२ रोग्यांवरचा मोठा प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी लोकांनी दुरून केलेल्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाली नाही. उलट, आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे असे ज्यांना पक्के सांगितले होते, त्यांच्यात ती थोडी अधिकच दिसली, शेकडा ५९. प्रार्थनेचा डोस ठरवून ती औषधासारखी मोजायला गेले, तर हाती हे असे येते.

चौथ्या दिवशी आत्या आली. तिच्या पिशवीत अंगारा होता आणि कुणा महाराजांनी दिलेल्या मुळीचे चूर्ण होते. माझ्यातली शिकलेली बाई उसळून उठली, मी काही बोलणार, तोच सिस्टर म्हणाली, "अंगारा कपाळाला लावा. टाक्यांजवळ नको. पण तोंडात काही नाही. डॉक्टरला विचारल्याशिवाय काही नाही." आईला रक्त पातळ ठेवण्याचे औषध चालू होते, आणि काही वनस्पतींचे अर्क त्याच्या जोडीला पोटात गेले तर रक्तस्रावाचे भय असते. आत्याचा मान राहिला, आईचा जीवही राहिला. मला इतकी वर्षे भांडून जे जमले नाही, ते सिस्टरने दोन वाक्यांत केले.

पूरक आणि पर्यायी यांतला फरक तो हाच. औषधाच्या जोडीला येते ते पूरक. औषधाला उठवून त्याच्या पाटावर बसते ते पर्यायी. बरा होण्याजोगा कर्करोग असताना नेहमीचे उपचार टाकून केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्यांना मृत्यूचा धोका अडीचपट असतो, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत आढळले. आपल्या राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही नेमकी हीच रेघ ओढली आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्यात गुन्हा आहे. श्रद्धेला कुणी अडवीत नाही. दवाखान्याची वाट अडवू नका, एवढेच मागणे आहे.

मग प्रार्थनेचे काम कोणते? त्याचे उत्तर मला सिसिली सॉन्डर्स या बाईंच्या कामात सापडले. आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झालेल्या या बाईंनी १९६७ मध्ये लंडनला आसन्नमरण रोग्यांसाठी सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडले. दुखणे एकपदरी नसते, असे त्या सांगत. शरीराचे, मनाचे, घरादाराचे आणि आत्म्याचे असे त्याचे पदर असतात. शरीराच्या पदराला मॉर्फिन वेळच्या वेळी द्यायचे, त्यात कसूर नाही. पण बाकीच्या तीन पदरांना मॉर्फिन लागू पडत नाही. भारतातले तसले पहिले घर, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला उभे राहिले. परिचारिकांच्या निदानांच्या आंतरराष्ट्रीय यादीत 'आध्यात्मिक क्लेश' हेही एक निदान म्हणून आलेले आहे.

त्या निदानाचा अर्थ मला सहाव्या रात्री कळला. मी डोळे मिटून पडले होते. आईला वाटले, मी झोपले. ती सिस्टरला म्हणाली, "मी असं काय पाप केलं होतं गं?" आपण कुणीही झटकन म्हटले असते, "छे, छे, असं बोलू नये." सिस्टर तसे म्हणाली नाही. देवाची इच्छा, असेही म्हणाली नाही. गळ्यात क्रॉस असलेली ती मुलगी. आपल्या देवाचे तिने अक्षर काढले नाही. स्टूल ओढून ती बसली आणि म्हणाली, "असं का वाटतं, आई?" मग आई अक्काविषयी बोलली. अक्काच्या शेवटच्या दुखण्यात तार आली होती. घरात लग्न होते, आई चार दिवस उशिरा निघाली आणि पोचली तेव्हा सगळे आटोपले होते. चाळीस वर्षे हे तिने मला सांगितले नव्हते. मीही कधी विचारले नव्हते. सिस्टर तिचा हात धरून ऐकत राहिली. दहा मिनिटे असतील. डोलोरेसबाईंचा हात अंगापासून काही इंच वर होता. हा हात खरोखरीच हातावर होता.

यात कसली विद्या? विचारणे, ऐकणे आणि रोग्याच्या श्रद्धेत आपली न मिसळणे. जो हरिपाठ म्हणतो त्याला हरिपाठ, जो नमाज पढतो त्याला किब्ल्याची दिशा, आणि जो देव मानीत नाही त्याला त्याचे आवडते गाणे किंवा नुसती शांतता. पण चाळीस खाटांच्या वॉर्डात दोन परिचारिका असतील, तर ही दहा मिनिटे आणायची कुठून? ती पुष्कळदा घरच्या माणसांनाच आणावी लागतात. खाटेशी बसून फोन पाहण्यापेक्षा ते बरे.

आता आई वॉकर घेऊन घरात हिंडते. वसुबारसेला तिने तुळशीपुढे स्वतः पणती लावली. हरिपाठाला मी शेजारी बसते. बारा अभंग पाठ झाले आहेत, पुढे पुस्तक लागते. मध्येच ती अक्काच्या आठवणी सांगू लागते, आणि पाठ तसाच राहतो.

सिस्टरला फराळाचा डबा द्यायला गेले, तर ती नोकरी सोडून दुसरीकडे गेल्याचे कळले. डबा मावशींना दिला. सिस्टर असेल कुठल्या तरी वॉर्डात, कुणाच्या तरी चष्म्याची पिशवी शोधत.