आधी वासराचं पोट, मग खरवस

पावसाळा सरत आला की आमच्या गावात घरटी एखादी तरी गाय किंवा म्हैस विण्याला टेकलेली असते. गल्लीत बायकांची एकच चौकशी, ‘‘काय वैनी, कास भरली का?’’ आणि शहरातल्या पाहुण्यांचे फोन सुरू होतात, ‘‘गाय व्याली की चीक पाठवा हं!’’ खरवस कुणाला आवडत नाही? मलाही आवडतो. पण त्या पिवळ्या वडीकडे पाहिलं की अजून एक आठवण टोचते.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात. गोठ्यात तीन गायी, एक म्हैस. मी लग्न होऊन आले तेव्हा पदवी मराठीची आणि गाईला नमस्कार तोही दुरूनच. गोठ्यातलं सगळं सासूबाईंनी शिकवलं. पुढे बचत गटाचं काम अंगावर घेतलं, अंगणवाडीत बायकांच्या बैठका घेऊ लागले.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑगस्टचा पहिला आठवडा, म्हणजे स्तनपान सप्ताह. अंगणवाडीत मी अगदी तावातावाने बोलले. ‘‘बायांनो, पहिलं चिकाचं दूध पिळून टाकू नका. तीच बाळाची पहिली लस!’’ बायकांनी माना डोलावल्या. मीही खुशीत घरी आले.

त्याच रात्री आमची चंद्री व्याली. पहिलारू होती, पण सुखरूप मोकळी झाली. छान कालवड झाली. तासाभरात ती थरथरत उभी राहिली आणि आईच्या पोटाखाली तोंड खुपसून आचळ शोधू लागली. सासूबाईंनी तिला धरून बाजूला बांधलं. ‘‘वार पडल्याबिगर कासंला हात लावायचा न्हाई. वार वर चढती.’’ मी काहीच बोलले नाही. वार पडली सकाळी दहाला. मग चीक काढला. वासराला अर्धा लिटर, बाकीचा खरवसाला. शेजारी वाटला, पुण्याला नणंदेकडेही डबा गेला.

आठव्या दिवशी कालवडीला हगवण लागली. दहाव्या दिवशी ती गेली. चंद्री दोन दिवस हंबरत होती. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, ‘‘चीक किती वेळानं पाजला, ताई?’’ अंगणवाडीत भाषण करणाऱ्या माझी मान खाली गेली.

डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं. माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच थोडी रोगाशी लढायची ताकद मिळते. वासराला ती मिळत नाही. त्याची सगळी शिदोरी चिकात. आणि ती पचवून अंगी लावून घेण्याची आतड्याची क्षमता पहिल्या काही तासांतच भरपूर असते, २४ तासांनी जवळजवळ संपते. म्हणून अर्ध्या ते एका तासात पहिला चीक पोटात जायलाच हवा. वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे २५ किलोच्या वासराला दिवसाला अडीच लिटर, तीन-चार वेळा विभागून. राहिली वारेची गोष्ट. वासरू कासेला लागलं की गाईला पान्हा सुटतो, आणि त्याच वेळी गर्भाशयही आकुंचन पावतं. म्हणजे वार सुटायला उलट मदतच होते!

मैत्रिणींनो, गोठ्यातल्या रात्री आपण जागवतो आणि प्रशिक्षणाला मात्र घरातले पुरुष जातात. म्हणून आम्ही डॉक्टरांनाच गटाच्या बैठकीला बोलावलं, तेही दुपारी दोनला, बायकांची भांडी आवरल्यावर. तेव्हापासून आमच्या गटात काही गोष्टी ठरून गेल्या आहेत.

गाय भरवल्याची तारीख कॅलेंडरवर लिहायची. गाईचे दिवस साधारण २८०, म्हशीचे ३१०. विण्याआधी दोन महिने तिला आटवायची, तिच्या अंगाला विश्रांती मिळते. शेपटीच्या बुडाशी खड्डे पडले, कास तटतटली की कोरडी, स्वच्छ जागा करून द्यायची. आधी पुढचे दोन पाय आणि त्यावर टेकलेलं तोंड दिसलं तर काळजी नाही. पण पाणमोट फुटून तास झाला आणि पुढे काही हालचाल नाही, तर चार गडी बोलावून दोरीने ओढत बसायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा. फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे, तो गोठ्याच्या भिंतीवरच लिहून ठेवा.

वासराचं नाक-तोंड पुसून घ्यायचं, नाळेला टिंक्चर आयोडीन लावायचं. वार बारा तासांत पडली नाही तर डॉक्टर. हाताने ओढायची नाही, दगड तर मुळीच बांधायचा नाही. आणि व्यालेली दुधाळ गाय दोन-तीन दिवसांत मान कुशीवर टाकून बसली तर ‘दमली असेल’ म्हणू नका. तो दुग्धज्वर. नाव ज्वर, पण अंग उलट गार पडतं. कॅल्शियम कमी झालेलं असतं, वेळेवर सलाइन लागलं तर गाय बहुतेक वेळा उठून उभी राहते.

आता राहिला खरवस. तो बंद करा असं मी म्हणणार नाही! चांगल्या गाईला वासराला पुरून उरेल इतका चीक येतो. उरला की खुशाल वड्या पाडा. फक्त पंगतीत पहिलं पान कुणाचं, ते विसरू नका.

सासूबाईंना हे पटायला दोन वेतं गेली. परवा शेजारची सून चिकाचा तांब्या घेऊन आली, ‘‘आत्ती, खरवसाला आणलाय.’’ सासूबाईंनी तांब्याला हातही लावला नाही. म्हणाल्या, ‘‘वासराचं पोट भरलं का? आधी ते सांग.’’

मी चुलीपाशीच होते. चंद्रीची ती कालवड डोळ्यांपुढे आली, आणि मी पदर डोळ्याला लावला.