पाय वाजतो कुठे? : इलेक्ट्रॉनिक ड्रम आणि खालच्या मजल्याची शांतता

गायनवृंदात वाजविणाऱ्या मुलांना घरी सराव करता यावा म्हणून अनेक पालक हल्ली इलेक्ट्रॉनिक ड्रमसंच घेतात. संचाचा आवाज हेडफोनमधून केवळ वाजविणाऱ्याच्या कानी पडतो, तेव्हा शेजाऱ्यांना उपद्रव होण्याचे कारण नाही, अशी त्यांची समजूत असते. आमचीही तशीच होती. पुतण्यासाठी असा संच आमच्या तिसऱ्या मजल्यावरील घरी येऊन आठवडाही झाला नव्हता, तोच खालच्या काकू दारात उभ्या राहिल्या. "बाळा, हातांचं काही ऐकू येत नाही रे, पण तुझा पाय आमच्या डोक्यात वाजतो," त्या म्हणाल्या. त्यांच्या घरी रुग्ण अंथरुणाला खिळलेला होता. सराव थांबवावा की संच विकावा, असा पेच आमच्यापुढे उभा राहिला.

काकूंचे निदान अचूक होते. संचातून दोन प्रकारचे आवाज निघतात. काठी पॅडवर आपटल्याची टकटक हवेतून पसरते. दार-खिडकी लावली की ती बहुतांशी खोलीतच राहते. रबरी पॅडऐवजी जाळीचे पॅड असल्यास ती आणखी कमी होते. रोलँड कंपनीने १९९७ साली असे जाळीचे पॅड बाजारात आणले आणि आता ते स्वस्त संचांतही मिळतात. पायाने दाबावयाच्या किक पेडलची गोष्ट मात्र निराळी. त्याचा आघात पेडलमधून फरशीत, फरशीतून काँक्रीटच्या स्लॅबमध्ये उतरतो आणि तो स्लॅबच खालच्या घराचे छत होऊन घुमतो. या आघाताला हवेची गरजच नसते. म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे किंवा फोम चिकटविण्याचा खर्च येथे वाया जातो (आम्ही तो करून पाहिला आहे). नुसता गालिचाही फारसा उपयोगी पडत नाही, कारण तो वजनाखाली पूर्ण दबला की त्याची लवचिकता संपते.

उपाय आहे तो संच तरंगता ठेवण्याचा. प्लायवुडच्या दोन जाड फळ्या, मधे टेनिसचे चेंडू आणि वरच्या फळीवर संपूर्ण संच, अशी ही रचना जगभरातील ड्रमवादक घरच्या घरी करतात. आपल्याकडे टेनिस चेंडूचे क्रिकेट गल्लोगल्ली चालत असल्याने जुने चेंडू मिळविण्यास त्रास पडत नाही. दीड मीटर बाय सव्वा मीटरच्या, १८ मि.मी. जाडीच्या दोन फळ्या घ्याव्यात. चेंडू घरंगळू नयेत म्हणून दोन्ही फळ्यांत समोरासमोर, चेंडूच्या व्यासापेक्षा लहान, सुमारे ५ सें.मी.ची भोके सुताराकडून पाडून घ्यावीत. दोन्ही फळ्या एकमेकींना कोठेही टेकता कामा नयेत. त्यांना जोडणारा एक स्क्रूदेखील साऱ्या श्रमांवर पाणी फिरवितो. वरची फळी भिंतीलाही लागू देऊ नये.

चेंडू किती, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि येथेच बहुतेकांची चूक होते. जितके जास्त चेंडू तितके संरक्षण अधिक, असे वाटते. प्रत्यक्षात उलट घडते. चेंडू वाढले की प्रत्येकावरचा भार घटतो, आधार ताठर होतो आणि कंप सरळ खाली जातो. संच, वरची फळी आणि वाजविणारा मिळून १२० किलो धरले, तर २४ चेंडूंवर प्रत्येकी ५ किलो भार येतो. त्याखाली चेंडू साधारण ३ ते ४ मि.मी. दबतो. एवढ्या दबण्यामुळे फळी सेकंदाला सुमारे ८ ते ९ वेळा डोलणारी स्प्रिंग बनते. पेडलच्या आघातातील ऐकू येणारा धम्म आवाज त्याहून कित्येक पट जलद कंपनांचा असल्याने मधल्या मधे विरतो. याउलट चेंडू फारच कमी घेतले तर ते चपटे होतात आणि फळी हेलकावते. पेडल व आसन यांच्याखाली चेंडू थोडे दाट ठेवावेत. आसनही त्याच फळीवर हवे. ते जमिनीवर ठेवले तर पेडल आणि वादक वेगवेगळे हलून वाजविणेच अवघड होते.

परीक्षा वरच्या घरात नव्हे, खालच्या घरात घ्यावी. पुतण्या वाजवू लागला तेव्हा आम्ही काकूंच्या रुग्णाच्या खोलीत जाऊन बसलो. पंखा बंद केल्यावर कोणी दूरवर उशी थोपटावी तसा आवाज येत होता. पंखा लावला आणि तोही नाहीसा झाला. रात्री १० ते सकाळी ६ या काळात निवासी भागासाठी कायद्याने ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. पण काकूंशी आमचे ठरले ते सायंकाळी ५ ते ६ असे, कारण रुग्ण दुपारी झोपतो. सहा महिन्यांनी पेडलखालचे चार चेंडू बसके झालेले आढळले. ते बदलण्याची आठवण काकूंनीच करून दिली.